थीम पार्कची जुनी तिकिटं-पॅम्प्लेटं जमवायचीत? सोलापुरातनं सुरुवात करा

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्या जमवणारे सोलापुरात पैशाला पासरी आहेत, पण थीम पार्कची तिकिटं, पॅम्प्लेटं, तिथली माहितीपुस्तकं आणि स्मरणिका जमवतो म्हणलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, आपल्याकडं कुठं बे थीम पार्क? बरोबर आहे त्याचं. एस्सेल वर्ल्ड गोराईला, रामोजी हैदराबादला, इमॅजिका खोपोलीला. पण माझं म्हणणं असं की त्याच्यामुळंच सोलापूर हे असले कागद शोधायला लई चांगलं गाव आहे. बोरिवलीचा माणूस एस्सेल वर्ल्डला जाऊन आला की तिकीट बोटीतच टाकून द्यायचा, वाटलं तर पुढच्या रविवारी परत जाता येतंय की. आपल्याकडचं पोरगं शाळेच्या सहलीला रात्रभर एसटीत बसून गेलेलं, परत कधी जायला मिळेल पत्ता नाही, त्यामुळं तिकिटाचं अर्धुक कंपासपेटीत घालून घरी आणलं, आईनं ते फोटोच्या आल्बममध्ये सरकवलं आणि ते अजून तिथंच आहे. जिथनं जाणं सोपं तिथं कागद टिकला नाही, लांबून गेलेल्यांकडं टिकला. एवढं डोक्यात ठेवून शोधायला लागा.

आधी ठरवा काय जमवायचं

नवखा माणूस काय करतो, दिसेल ते उचलतो, आणि सहा महिन्यांत घरात नुसता ढीग होतो ज्याला ना शेंडा ना बुडखा. त्यामुळं सुरुवातीलाच एक हद्द घालून घ्या. एकच पार्क धरता येतं, एकच काळ धरता येतो, नुसती तिकिटं किंवा नुसते नकाशे असंही चालतं. मला विचाराल तर सोलापूरकरानं "आपल्या गावची माणसं जिथं जिथं गेली ते पार्क" ही हद्द घ्यावी, कारण ते कागद पायी फिरून मिळतात.

पार्कांची थोडी माहिती असली की शोध नीट होतो. दिल्लीचं अप्पू घर १९८४ साली प्रगती मैदानात सुरू झालं, नाव १९८२च्या एशियाडच्या अप्पू हत्तीवरनं, आणि २००८ मध्ये ते बंद झालं, म्हणजे त्याचा कुठलाही कागद ह्या चोवीस वर्षांतलाच. एस्सेल वर्ल्ड १९८९चं, त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम १९९८चं. कोलकात्याचं निक्को पार्क १९९१. रामोजी फिल्म सिटी १९९६. कोचीचं वीगालँड २०००, तेच पुढं वंडरला झालं, वंडरलाचं बंगळूरचं पार्क २००५चं आणि हैदराबादचं २०१६चं. इमॅजिका २०१३ला सुरू झालं तेव्हा नाव अ‍ॅडलॅब्स इमॅजिका होतं, नंतर अ‍ॅडलॅब्स गळलं, त्यामुळं ज्या कागदावर अ‍ॅडलॅब्स आहे तो सुरुवातीच्या वर्षांतला.

परदेशातलं म्हणाल तर ह्या छंदाची पंढरी म्हणजे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ला उघडलं. तिथं आत गेल्यावर प्रत्येक पाळण्याला वेगळं कुपन द्यावं लागायचं आणि त्या कुपनांची पुस्तिका मिळायची. सुरुवातीला ए, बी, सी अशा तीन दर्जांची कुपनं होती, १९५६ला डी आलं आणि १९५९ला ई. ई म्हणजे सगळ्यात भारी राइड. १९८२ला ही पद्धत बंद करून एकच पास केला. आता गंमत बघा, लोक ई कुपन आधी संपवायचे आणि ए, बी कुपनं तशीच पुस्तिकेत उरायची, म्हणून आज ए-बी सहज मिळतात आणि न वापरलेलं ई मिळालं तर त्याला भाव असतो. शिवाय आसपासच्या हॉटेल-मोटेलात फुकट ठेवलेली पार्कची मासिकं, गाइडबुकं हे सगळं जमवणारे तिकडं ढिगानं आहेत. पण सुरुवात ह्याच्यानं करू नका. पैसे जास्त लागतात, पार्सलवर कस्टम बसू शकतं, आणि खोटा माल तिथंच जास्त आहे. आधी हात बसवा आपल्या मालावर.

आणि एक, गड्ड्याला विसरू नका. सिद्धेश्वर यात्रेला जानेवारीत होम मैदानावर जो गड्डा भरतो, आकाशपाळणे, मौत का कुआँ, जादूचे तंबू, ते आपल्या आज्यापणज्यांचं थीम पार्कच होतं. त्याची तिकिटं म्हणजे पातळ गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदाची, बोटभर रुंद, एका बाजूला दातेरी फाटलेली, वर नुसता नंबर आणि भाव, कधी कधी पाळणेवाल्याचं नाव रबरी शिक्क्यानं मारलेलं आणि शिक्का असा तिरका की निम्मं अक्षर कागदाच्या बाहेर. दिसायला काहीच नाही. पण कुणीही जपून ठेवत नाही म्हणूनच ते दुर्मिळ. एस्सेल वर्ल्डचं तिकीट अजून मिळेल, सत्तर सालचं गड्ड्यातल्या पाळण्याचं तिकीट मला दाखवा.

शोधायचं कुठं

घरापासून. स्वतःच्या, मग काकाच्या, मामाच्या, मग शेजारच्या. सोलापुरातल्या घरात असले कागद ठरलेल्या जागी असतात: फोटो आल्बमच्या शेवटच्या कव्हरमध्ये, एलआयसीच्या फाईलीत, लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये बिलांच्या खाली, ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या पेपराखाली, आणि दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या प्लॅस्टिक पिशवीत. ही शेवटची जागा एक नंबर, कारण ती पिशवी कुणी टाकत नाही.

विचारताना "जुनी तिकिटं आहेत का" असं विचारलं तर उत्तर नाही असंच येणार, कारण त्यांच्या डोक्यात तिकीट म्हणजे रेल्वेचं नाहीतर पोस्टाचं. सहलीबद्दल विचारा. "काकू, तुमचा मोठा मुलगा आठवीत असताना मुंबईला गेलता बघा शाळेकडनं, त्याचे फोटो आहेत का?" म्हणलं की आल्बम बाहेर निघतो, आल्बम निघाला की चहा होतो, आणि त्या आल्बममधनं कागद खाली पडतो. पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौकाकडं बऱ्याच घरांचे नातेवाईक भिवंडीला लूमवर, सुट्टीत पोरं तिकडं गेली की मामा एस्सेल वर्ल्ड दाखवायचा. तिथं अण्णा, अक्का म्हणून नीट बोललात, दोन शब्द तेलुगूत टाकलेत तर काम लवकर होतं. आणि कागद मिळाला की लगेच पैशाची गोष्ट काढू नका. पैसे म्हणलं की त्यांना वाटतंय ह्याच्यात काहीतरी लाखाचं आहे, मग कागद परत कपाटात. फोटो काढू द्या म्हणा, स्कॅन करून परत देतो म्हणा आणि खरंच परत द्या. पुढच्या खेपेला तेच लोक स्वतःहून म्हणतात, ठेव तुझ्याकडंच.

रिटायर झालेले सर आणि बाई ही दुसरी खाण. सहलीचा हिशोब ज्यांच्याकडं असायचा त्यांच्या फाईलीत ग्रुप बुकिंगची पावती, पार्ककडनं शाळांना यायचं ते सवलतीचं पत्र, दरपत्रक, बसवाल्याची पावती, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं असतंय. अशा एका फाईलीत मला सायक्लोस्टाइल केलेली सहलीची सूचना मिळाली, जांभळट शाई पसरलेली, "सोबत दोन वेळचा डबा, पाण्याची बाटली, एक जोड जादा कपडे, सोन्याचे दागिने आणू नयेत", आणि खाली पालकांच्या सहीच्या जागी अंगठा. त्याच्यामागं टाचणीनं तिकिटाचं अर्धुक लावलेलं. नुसतं अर्धुक बाजारात कुणीही घेईल, पण सूचनेसकट ते अर्धुक म्हणजे एक अख्खी सहल झाली. त्यामुळं नियम असा की एकत्र सापडलेले कागद एकत्रच ठेवायचे, तिकीट एका अल्बमात आणि सूचना दुसरीकडं असं करायचं नाही. त्यातच रेल्वेचं तिकीट असलं तर सोन्याहून पिवळं, कारण पार्कच्या तिकिटावर तारीख नसली तरी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या तिकिटावर असते. गोराईच्या बोटीचा कागद, क्लोकरूमची पावती, आतल्या कँटीनचं कुपन, हे पण मागून घ्या.

प्रिंटिंग प्रेसवाले. जुन्या प्रेसमध्ये छापलेल्या प्रत्येक मालाची एक प्रत नमुना म्हणून फाईलला लावून ठेवायची पद्धत असायची. सर्कशीची हँडबिलं, जत्रेतल्या खेळांची पॅम्प्लेटं, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या "दिवाळी स्पेशल मुंबई दर्शन"च्या जाहिराती, हे सगळं गावातच छापलं जायचं. फक्त कामाच्या वेळी जाऊ नका, लग्नसराईत तर अजिबात नको, पत्रिकांची घाई असते आणि मालक अंगावर येतो. पितृपक्षात जा, तेव्हा प्रेस रिकामी असते.

रद्दीवाले आणि भंगारवाले. इथं एकदा जाऊन काही मिळत नाही. दुकान धरून ठेवायचं, आठवड्याला एक चक्कर, चहा पाजायचा आणि कसला माल पाहिजे ते तोंडी न सांगता एक नमुना हातात देऊन दाखवायचा. ओळख झाली की तो जुने आल्बम, फाईली बाजूला काढून ठेवतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघरी आवरणं चालतं तेव्हा रोज गेलात तरी चालेल.

गावाबाहेर जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून पुण्याचा जुना बाजार करता येतो, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. हैदराबादला आबिड्सला रविवारी फुटपाथवर पुस्तकं मांडतात, तिथं जुनी मासिकं, पर्यटन खात्याची पुस्तकं मिळतात आणि अधूनमधून एखादं पार्कचं गाइडबुक. मुंबईच्या चोरबाजारात माल आहे पण तिथला दुकानदार सगळं जाणून असतो, स्वस्तात काही सुटत नाही.

तारीख कशी काढायची

ह्या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. जुन्या पॅम्प्लेटवर साल छापलेलं नसतं, का म्हणून छापतील, पुढच्या वर्षी परत वाटायचं असतंय. पण कागद स्वतःच सांगतो, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

पहिल्यांदा टॅक्स बघा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, त्याच्या आधी करमणूक कर होता. त्यामुळं तिकिटावर करमणूक कर दिसला की ते बहुतेक त्या तारखेच्या आधीचं. (उलटं धरू नका, कर छापलेला नाही म्हणजे नवीन असं होत नाही, काही पार्कांना सवलत मिळायची आणि काहीजण नुसता एकत्र भाव छापायचे.) सर्व्हिस टॅक्स अजून बारीक गाळणी आहे. पार्कच्या एंट्रीवर तो १ जून २०१५ पासून लागला, १५ नोव्हेंबर २०१५ पासून त्याच्यावर स्वच्छ भारत सेस आला, १ जून २०१६ पासून कृषी कल्याण सेस, आणि २०१७च्या जुलैत सगळंच गेलं. म्हणजे तिकिटावर सर्व्हिस टॅक्स आहे आणि कुठलाच सेस नाही, तर ते साडेपाच महिन्यांतलं. आणि जीएसटी २८ टक्के लिहिलाय, तर ते जुलै २०१७ ते जानेवारी २०१८ मधलं, कारण २५ जानेवारी २०१८ पासून पार्कांचा दर १८ टक्के झाला. लोकांना त्या टॅक्सचा राग यायचा, आपल्याला मात्र फुकटात कॅलेंडर मिळालं.

मग गावांची नावं. बॉम्बे असेल तर साधारण १९९५च्या आधीचं, मद्रास असेल तर १९९६च्या, कॅलकटा असेल तर २००१च्या. रामोजीच्या कागदावर पत्त्यात आंध्र प्रदेश आहे की तेलंगणा ते बघा, २ जून २०१४ला तेलंगणा वेगळं झालं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरचं, पिनच्या आधीचे "मुंबई ५८" असले झोन नंबर वेगळे. ₹ हे चिन्ह जुलै २०१०मध्ये आलं, त्यामुळं "१९९८चं ओरिजिनल" म्हणून कुणी तिकीट दाखवलं आणि त्यावर ₹ असलं तर नमस्कार करून निघायचं. मुंबईच्या फोन नंबरांना २००२च्या सुमारास पुढं २ लागून ते आठ आकडी झाले, सात आकडी असला तर त्याच्या आधीचा. गड्ड्याच्या नाहीतर सर्कशीच्या लई जुन्या कागदावर आणे असतील तर १९५७च्या आधीचं धरायला हरकत नाही, नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४.

काय छापलंय त्याच्याबरोबर काय छापलेलं नाही ते पण बघत जा. एस्सेल वर्ल्डच्या पॅम्प्लेटवर वॉटर किंगडमचा उल्लेखच नाही, आणि पॅम्प्लेट उन्हाळ्याचं आहे, तर १९९८च्या आधीचं असायची शक्यता मोठी, कारण शेजारी पाण्याचं पार्क असताना मे महिन्याच्या जाहिरातीत ते कोण लपवेल? नकाशे असतील तर दोन नकाशे शेजारी ठेवून कुठला पाळणा वाढला, कुठला गेला ते ताडून बघा. वेबसाइट, ईमेल, क्यूआर कोड हे तर पोरंपण सांगतील.

फक्त एक भानगड असते. जुना छापलेला स्टॉक उरला की पार्कवाले त्यावरच नवीन भावाचा शिक्का मारून खपवायचे. छापलेला भाव काट मारून वर दुसरा शिक्का दिसला तर छपाई एका सालची आणि वापर दुसऱ्या सालचा. असलं तिकीट खराब समजून टाकू नका, उलट ते जास्त बोलतं.

खरं का खोटं

देशी मालात खोटं फार नाही कारण अजून भावच नाही. डिस्नेच्या कुपनांत आहे. एक दहा पट भिंग घ्या, घड्याळवाल्याकडं असतंय तसलं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगीत चित्र म्हणजे ओळीत बसलेले गोल ठिपके दिसतात आणि काळं अक्षर एकसंध, कडा धारदार. घरच्या इंकजेटवर काढलेलं असेल तर अक्षराच्या कडेला रंगीत फवारा उडाल्यासारखा दिसतो. नंबर बघा, जुने नंबर वेगळ्या मशीननं ठोकलेले असायचे, मागनं बोट फिरवलं तर उठाव लागतो. नोटा तपासायचा निळा दिवा असतो त्याखाली धरा, कागद पांढराफेक चमकला तर त्यात चमक आणणारं केमिकल आहे, आणि ते कागदात १९५०च्या दशकापासून घालायला लागले. म्हणजे साठ सालचा कागद चमकला म्हणून लगेच खोटा म्हणू नका, पण चाळीस सालचं म्हणून विकत असेल आणि चमकला, तर प्रश्न विचारा. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडं सारखाच तपकिरी दिसतो, खरा जुना कागद कडेला जास्त पिवळा आणि घडीत मळका असतो.

सोलापूरच्या उन्हात कागद सांभाळायचा तर

आपली हवा कोरडी, हे चांगलं. मुंबईवाल्यांचा निम्मा वेळ बुरशीशी मारामारी करण्यात जातो. पण आपली भानगड वेगळी आहे: एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा, पत्र्याच्या घरात आणि माळ्यावर तर भट्टी. कागद पिवळा पडतो, घडीवर तडकतो. त्यामुळं माळा बाद. खिडकीजवळची भिंत बाद. पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाट पण बाद, संध्याकाळी हात लावून बघा ती भिंत किती तापते ते. मधल्या खोलीतलं, आतल्या भिंतीचं, खालच्या बाजूचं कपाट घ्या पण अगदी जमिनीला टेकवून नको, वाळवी आणि फरशी धुतलेलं पाणी दोन्ही तिथनंच येतंय.

कूलर कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो तिथली हवा रात्रभर दमट आणि दुपारी लाइट गेली की परत कोरडी, असं रोज फुगणं-आकसणं कागदाला फार वाईट. संग्रह कूलरच्या खोलीत ठेवू नका. आणि आपल्याकडं नळाला पाणी रोज कुठं येतंय, त्यामुळं घरात पिंपं, टाक्या भरलेल्या, त्या कोपऱ्यातली भिंत कायम ओलसर. तिथनं पण लांब.

कव्हर कसलं घ्यायचं? पीव्हीसीचं नको, उघडल्या उघडल्या प्लॅस्टिकचा उग्र वास येतो ते. ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिस्टरचं घ्या, नाणी-नोटांचं सामान विकणाऱ्यांकडं मिळतं, ऑनलाइन तर मिळतंच. ते चिकट पानांचे फोटो आल्बम, ज्यात वरची पारदर्शक शीट उचलून फोटो चिकटवायचे, त्यात काही असलं तर आधी बाहेर काढा. हातानं ओढू नका, कागदाखालनं दातांच्या फटी साफ करायचा बिनवासाचा दोरा (डेंटल फ्लॉस) हळूहळू करवतीसारखा फिरवत न्या, आणि निघत नसेल तर पानासकट कापून ठेवा, फाडण्यापेक्षा ते बरं.

सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, स्टेपलर नाही. जुनी टाचणी किंवा पिन गंजलेली असेल तर तिचे पाय मागनं सरळ करून काढा, उपसू नका. स्मरणिकेच्या मधल्या पिना गंजल्या असतील तर मात्र लगेच हात घालू नका, पानं सुटी होतील.

आणि लॅमिनेशन. हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे खरंतर. लॅमिनेशन करू नका. साध्या कागदाचं होतं ते नुकसान होतंच, परत कधी सोडवता येत नाही, पण अलीकडची तिकिटं थर्मल कागदावरची असतात, एटीएमच्या स्लिपसारखी, तो कागद उष्णता लागली की काळा होतो. आमच्यातल्या एकानं पोराच्या पहिल्या इमॅजिका ट्रिपचं तिकीट झेरॉक्सवाल्याकडं लॅमिनेशनला दिलं, मशीनच्या दुसऱ्या बाजूनं काळी पट्टी बाहेर आली, चकचकीत, एकदम टिकाऊ, आणि वाचायला शून्य. थर्मलचं अक्षर तसंही काही वर्षांत उडून जातं, त्यामुळं असलं तिकीट हातात आलं की त्याच दिवशी स्कॅन. बाकी सगळं नंतर.

किड्यांसाठी डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. रद्दीतनं आलेला प्रत्येक कागद आधी पंधरा दिवस वेगळ्या डब्यात ठेवायचा, बारीक भुगा पडतोय का बघायचं, मगच बाकीच्यात मिसळायचा. किडा दिसलाच तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करून डीप फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवस, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर कागदावर दव धरतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं, मटारच्या पिशवीशेजारी सर्कशीचं हँडबिल बघून आमच्या घरी बरंच बोलणं झालं होतं.

वही ठेवा

कागद आला की त्याच दिवशी नोंद. कुणाकडनं, कुठल्या पेठेतनं, कोण कुठल्या साली गेलं होतं, बरोबर अजून काय सापडलं, तारीख कशावरनं ठरवली. देणाऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दात लिहा, "बोट लागली आणि सगळ्या पोरांनी उलट्या केल्या" हे पण लिहा, दहा वर्षांनी तेच वाचायला बरं वाटतं. नंबर कव्हरवर लिहा, कागदावर लिहायचाच असेल तर मागं मऊ पेन्सिलीनं, पेननं कधीच नाही. तिकिटं ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मोठी पॅम्प्लेटं ३००वर चालतील, आणि दोन्ही बाजू करा. मागची बाजू लोक सोडतात आणि नेमक्या तिथंच नियम, टॅक्स नाहीतर प्रेसचं नाव असतं. फोन नंबर, सही असलेला भाग मात्र दुसऱ्यांना फोटो पाठवताना झाका.

विकत घेताना, बदलताना

भाव कुणी ठरवून दिलेला नाही. ऑनलाइन बघताना मागितलेल्या किमतीवर जाऊ नका, कोण काय वाट्टेल ते मागतंय, आधी विकून झालेल्या मालाचे भाव बघा, ईबेवर तशी वेगळी यादी काढता येते. विकणाऱ्याकडं दोन्ही बाजूंचा फोटो मागा, उजेडात, कव्हरच्या बाहेर काढून. तो टाळाटाळ करत असेल तर सोडा, परत मिळेल. न फाटलेलं पूर्ण तिकीट जास्त भावाला जातं हे खरं, पण अर्धुकाला कमी लेखू नका, न फाटलेलं तिकीट म्हणजे कुणीतरी गेलंच नाही ना.

खरेदीपेक्षा अदलाबदल बरी. आपल्याकडं रामोजीचे कागद मुबलक, कारण हैदराबाद जवळ, तर कोलकात्याच्या माणसाला ते द्या आणि त्याच्याकडनं निक्को पार्कचे घ्या. डबल माल साठवून ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. गड्ड्यात जानेवारीत संध्याकाळी गर्दी व्हायच्या आधी गेलात तर पाळणेवाले निवांत असतात, त्यांच्याकडं मागच्या वर्षीचे उरलेले तिकिटांचे गठ्ठे पडलेले असतात आणि वीस-पन्नास रुपये दिले की खुशीनं देतात, तेवढ्यावर बाहेरच्या लोकांशी वर्षभर अदलाबदल चालते.

पोस्टानं पाठवताना कागद कव्हरमध्ये, कव्हर दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे पाकिटापेक्षा जरा लहान पण कागदापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे, चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्यांना, आणि वरनं पाणी लागलं तर म्हणून आतनं एक झिपची पिशवी. स्पीड पोस्ट करा, ट्रॅकिंग नंबर समोरच्याला लगेच कळवा, आणि पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचा स्कॅन स्वतःकडं ठेवा.